आधी जिना की आधी ताट?

डिसेंबरात आम्ही तिघं फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाणार आहोत. माझी नणंद पुण्यातल्या एका महाविद्यालयात वास्तुकलेचा इतिहास शिकवायची. विद्यार्थ्यांना घेऊन ती ल्योंला जाऊन आली आहे. माझा मुलगा पेशानं स्वयंपाकी. तिथल्या एका लहानशा खानावळीच्या भटारखान्यात त्यानं काम केलंय. शहर दोघांचंही लाडकं, पण एकाचं ल्यों दुसऱ्याला ओळखू येणार नाही इतकी दोघांची तऱ्हा वेगळी. मी ते शहर अजून पाहिलेलं नाही. कार्यक्रम ठरवायला बसलो तेव्हा बोलणं मुख्यतः त्या दोघांचंच झालं. मी ऐकत होते, मध्ये विचारत होते. ते सगळं टिपून ठेवावंसं वाटलं.

आत्या: पहिल्या दिवशी फुर्व्हिएरची टेकडी, यात चर्चा नको. शहर तिथून सुरू झालं. इसवी सनापूर्वी ४३ साली रोमनांनी तिथे लुग्दुनुम वसवलं आणि पुढे तीन गॉल प्रांतांची राजधानी केली. सम्राट क्लॉडियस तिथेच जन्मला. टेकडीच्या उतारावरचं रोमन नाट्यगृह दहाएक हजार माणसांचं, आणि आजही उन्हाळ्यात तिथे नाटकं नि गाणी होतात. वरच्या पायरीवरून सोन आणि ऱ्होन या दोन्ही नद्यांमधली वस्ती एका नजरेत येते. मग पायऱ्यांनी खाली जुन्या ल्योंमध्ये उतरायचं. जेवण मध्ये कुठेतरी उरकून घेऊ.

भाचा: हे 'उरकून घेऊ' मला मान्य नाही, आत्या. जुन्या ल्योंच्या सँ-झाँ रस्त्यावर दुपारी दिसेल त्या हॉटेलात शिरलीस तर ल्यों सोडून सगळं मिळेल. लाल चौकडीचे टेबलक्लॉथ घातलेली हॉटेलं तिथे ओळीनं उभी आहेत आणि बहुतेकांच्या दारावर 'बुशों' लिहिलेलं असतं. बुशों म्हणजे ल्योंची खास खानावळ. पंधरा-वीस टेबलं, एकमेकांना खेटून बसलेली माणसं, शेचाळीस सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीतून येणारी वाइन. खऱ्या बुशोंना तपासणी करून पाटी देतात. ती पाटी नसलेल्या कित्येक ठिकाणी माशाची कनेल कारखान्यातली आणि सॉस डब्यातला.

आत्या: म्हणजे जेवणाची नक्कल होते हे तूच सांगतोयस. भिंतीची अशी नक्कल करता येत नाही. ज्यूव्हरी रस्त्यावर आठ नंबरच्या घरात चल. फिलिबेर द लॉर्म हा ल्योंचाच मुलगा. रोमहून परतला तेव्हा त्याच्यापुढे अडचण अशी होती की चौक अगदी चिंचोळा आणि इमारतीचे भाग एकमेकांना जोडायचे. खाली खांब उभे केले तर चौकच उरणार नाही. १५३६ साली त्यानं दोन्ही कोपऱ्यांतून दगडी कमानी बाहेर काढल्या आणि सज्जा हवेत धरला. प्रत्येक दगड वेगळ्या कोनात कापलेला आहे. विद्यार्थ्यांना मी तिथे नुसतं वर बघत उभं करायची. बोलायची गरजच पडत नसे. हे मिळायला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, आणि पाचशे वर्षांत त्यात कुणी डब्यातला सॉस घातलेला नाही.

भाचा: दगडाबद्दल मी काही म्हणत नाही. पण ज्यांच्यासाठी ते घर बांधलं ती माणसं कुठायत? फ्लॉरेन्सचे सावकार आले, जत्रांमुळे श्रीमंत झाले, त्यांनी वाडे बांधले. वाडे आहेत, सावकार नाहीत. ठीक आहे, त्यांचं मला दुःख नाही. पण त्यानंतर कैक पिढ्या त्या घरांत गरीब माणसं राहिली, तीही नाहीत. आता खाली आइस्क्रीम नि वरती पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या खोल्या.

इथे मी आत्याला विचारलं की हा भाग वाचला कसा. कारण आपल्याकडे अशी पेठ रस्तारुंदीत पहिली जाते.

आत्या: जवळजवळ गेलाच होता, वहिनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या घरांची अवस्था इतकी वाईट होती की लोक त्याला गलिच्छ वस्ती म्हणत. लुई प्रादेल महापौर झाले. मोटारींवर त्यांचा भारी विश्वास, आणि जुन्या वस्तीतून मोठा रस्ता काढायचा त्यांचा विचार होता. रहिवाशांची एक संस्था १९४६ पासून ही घरं वाचवायला झटत होती. आंद्रे माल्रो तेव्हा सांस्कृतिक मंत्री होते. १९६२ साली त्यांनी कायदा आणला, त्यानं एकेका स्मारकाऐवजी सबंध वस्तीच संरक्षित करता येऊ लागली. १९६४ मध्ये फ्रान्समधली अशी पहिली संरक्षित वस्ती म्हणून जुनं ल्यों जाहीर झालं. मोटारी शेवटी टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून गेल्या. पुढे १९९८ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, ते सबंध ऐतिहासिक शहरच. आता हा म्हणतो माणसं गेली. पण रस्ता झाला असता तर माणसंही गेली असती आणि घरंही.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. वस्ती वाचवली की भाडं वाढतं हे खरं. पण भाडं वाढेल म्हणून वस्ती पाडायची असा युक्तिवाद मी आपल्याकडे बिल्डरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे, आणि पाडल्यावर भाडं कमी झालेलं कधी पाहिलेलं नाही.

भाचा: मान्य. पण मग जुन्या ल्योंपेक्षा क्र्वा-रूसच्या टेकडीला जास्त वेळ देऊ. मला जे म्हणायचंय ते तिथे उभं राहूनच दाखवता येईल.

आत्या: क्र्वा-रूस माझ्याही यादीत आहे. तिथल्या घरांकडे बाहेरून बघितलंस तर साधी, सपाट, नक्षीचा पत्ता नाही. फक्त खिडक्या फार उंच, आणि मजले मोजायला गेलं तर इमारतीच्या मानानं कमी. छत चार मीटरच्या आसपास. एवढं उंच छत राजवाड्यात शोभेल, मजुराच्या खोलीत कशाला? तर मागासाठी. जोझेफ मारी जॅकार्ड हा ल्योंचा. १८०४ साली त्यानं जे यंत्र केलं ते मागाच्या डोक्यावर बसतं. रेशीम विणणारे आधी खाली सँ-झॉर्झ भागातल्या बुटक्या घरांत राहायचे, तिथे हा नवा माग मावेना. म्हणून टेकडीवर, क्रांतीच्या वेळी मठांकडून काढून घेतलेल्या जमिनींवर, मागाच्या मापानं घरं बांधली गेली. आधी मागाचं माप, मग खिडकीचं, मग माणसाचं. छत उंच म्हणून खोलीतच लाकडी माळा घालत, वर कुटुंब झोपे, खाली माग चाले. वास्तुकलेच्या पुस्तकात सावकारांचे वाडे जितकी पानं घेतात तितकी या घरांना मिळाली पाहिजेत असं मी आयुष्यभर म्हणत आले.

माझं माहेर सोलापूरचं. चादरींच्या मागांवर वर टांगलेली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मी लहानपणापासून पाहत आले. पत्ता फिरला की भोक असेल तिथली सुई आत जाते, तो धागा उचलला जातो; भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एकेका ओळीला एकेक पत्ता. फुलाची एक पाकळी चुकली तर कारागीर कापडाकडे बघतच नसे, तो सरळ पत्ते चाळायला लागे. आमच्याकडे सगळे 'जॅकार्ड' म्हणत, पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे मला कळलं ते फार उशिरा. येवल्याच्या पैठणीतही आता हे यंत्र आलं आहे. क्र्वा-रूसच्या चौकात त्या माणसाचा पुतळा आहे म्हणे. मला तो पाहायचा आहे, आणि मेजों दे कान्यू या संग्रहालयात चालू माग दाखवतात तोही.

भाचा: आई, तू म्हणतेस तो कारागीर, त्याला ल्योंमध्ये 'कान्यू' म्हणायचे. आत्यानं त्याचं घर सांगितलं. आता त्याचं ताट मला सांगू दे. तो उजाडायच्या आधी मागावर बसे. नऊच्या सुमारास भुकेला उठे. त्या वेळी कॉफी आणि पावाचा तुकडा पुरत नाही. म्हणून 'माशों'. सकाळी नऊला भरपेट जेवण, आणि तेही स्वस्तातलं. चांगलं मांस व्यापाऱ्यांच्या घरी जायचं. यांच्या वाट्याला वजडी, पाये, भेजा, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. त्यातून पदार्थ घडले. ताब्लिए द सापर म्हणजे गायीची वजडी. आधी तासन् तास उकडायची, मग पांढऱ्या वाइनमध्ये मुरवायची, मग पावाचा चुरा लावून तव्यावर लालसर तळायची. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. घाई केलीस की रबर. हे जेवण अजून मिळतं, सकाळी नऊलाच. त्या टेबलावर बसल्याशिवाय तुझ्या चार मीटरच्या छताचा अर्थ पुरा होत नाही.

आत्या: होतो. १८३१ साली काय झालं ते वाचलं की होतो. व्यापारी विणकरांना नगावर पैसे देत आणि दर पाडत नेत. विणकरांनी किमान दर ठरवून मागितला. प्रशासनानं मध्यस्थी केली, दरपत्रक झालं, आणि कित्येक व्यापाऱ्यांनी ते धुडकावलं. नोव्हेंबरात क्र्वा-रूसवरून माणसं खाली उतरली आणि काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं. राजानं वीस हजारांचं सैन्य धाडलं. दरपत्रक रद्द. १८३४ मध्ये पुन्हा उठाव, त्यात शेकडो मेले. कूर दे व्होरास नावाच्या चौकातला तो उघडा सहा मजली दगडी जिना बघितलास ना? त्या जिन्यावर उभं राहिल्यावर मला वजडीची गरज वाटत नाही.

भाचा: तू वजडी खाणारच नाहीस, हा वेगळा मुद्दा आहे. शाकाहारी माणसाला ताट दुय्यम वाटणं साहजिक आहे.

आत्या: तसं म्हणू नकोस. मी खात नाही म्हणून मला कळत नाही, असं होत नाही. तू कधी दगड घडवलायस? तरी सज्जा तुला आवडला.

थोडा वेळ दोघंही गप्प होते. मग आत्याच म्हणाली, 'बरं, मला कनेल कशी करतात ते सांग. खाणार नाही, पण ऐकते.' माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं बोलणं इथून पुढे झालं.

भाचा: पाइक नावाचा मासा असतो, गोड्या पाण्यातला. ल्योंच्या उत्तरेला दोम्ब भागात शेकडो तळी आहेत, तिथे तो मिळतो. चवीला उत्तम, पण काटे असे दुभंगलेले आणि इतके की सरळ खाणं अशक्य. म्हणून मांस काढायचं, कुटायचं, आणि चाळणीतून घासून घ्यायचं. मागे राहतात ते काटे. मग दूध, लोणी आणि पीठ एकत्र शिजवून भांड्याची कड सोडेपर्यंत ढवळायचं, आपल्या उकडीसारखं. गार झालं की त्यात मासा आणि अंडी घालून फेटायचं. दोन चमच्यांमध्ये फिरवत लांबट आकार द्यायचा आणि हलक्या उकळत्या पाण्यात सोडायचं. वाढायच्या आधी वर नान्त्युआ सॉस, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या कवचांपासून केलेला, आणि भट्टीत. ती दुपटीनं फुगते. बाहेर काढली की बसायला लागते, म्हणून वेटर धावत जातो. मी तिथे लागलो तेव्हा बरेच दिवस माझं काम एवढंच, चाळणीत मासा घासणं. हात दुखायचे. मालकीणबाई बोटानं चाचपायच्या, एक काटा लागला की सगळं परत.

आत्या: म्हणजे चौक लहान म्हणून सज्जा हवेत, आणि मासा काटेरी म्हणून कनेल. ही रीत मला ओळखीची वाटते. मग प्रश्न असा की ती करणाऱ्या बायकांची नावं कुठायत? ल्योंमध्ये उतरलं की सगळीकडे एकच नाव दिसतं. बाजाराला बोक्यूझचं नाव, भिंतीवर बोक्यूझचं चित्र.

भाचा: पॉल बोक्यूझ स्वयंपाकी म्हणून मोठेच होते. पण ते उमेदवारी करायला गेले एका बाईकडे, युजेनी ब्राझिएंकडे. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी ल्योंबद्दल बोलतच नाही. १८९५ चा जन्म, खेड्यातल्या. आई लहानपणीच गेली. लग्नाआधी मूल झालं म्हणून घरातून बाहेर पडावं लागलं, ल्योंला येऊन मोलकरीण झाल्या. मग 'मॅर फियू' यांच्या खानावळीत काम शिकल्या. तिथे अशा बायकांना 'मॅर' म्हणजे आई म्हणत. धनिकांच्या घरचा स्वयंपाक सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या खानावळी काढल्या होत्या. ब्राझिएबाईंनी १९२१ साली र्‍वायाल रस्त्यावर बारा नंबरला आपली जागा घेतली. १९३३ मध्ये मिशेलँनं त्यांच्या दोन्ही जागांना तीन-तीन तारे दिले, एक शहरातली, एक डोंगरातली. तीन तारे मिळवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. त्यांचा नावाजलेला पदार्थ म्हणजे कोंबडीच्या कातडीखाली ट्रफलच्या काळ्या चकत्या सरकवून मंद शिजवलेली ब्रेसची कोंबडी. अगदी साधं ताट. कोंबडी, भाज्या, रस्सा. त्यात लपायला जागाच नाही.

आत्या: त्या बारा नंबरला जाऊ. बाहेरून तरी बघू.

भाचा: अजून चालू आहे, पण महाग आहे.

खिशाचा विचार करता माझं मत बाहेरूनच बघण्याच्या बाजूनं पडलं. पण मला आणखी एक गोष्ट विचारायची होती. ल्योंमधल्या त्या आतल्या वाटा, त्राबूल. लोकांच्या घरांतून परक्यांनी जायचं, हे बरोबर आहे का?

आत्या: जुन्या ल्योंमध्ये टेकडी आणि नदी यांच्यामध्ये जागा अरुंद. लांब रस्ते नदीला समांतर, आडवे रस्ते फार थोडे. म्हणून घरांच्या पोटातूनच वाटा काढल्या. सँ-झाँ रस्त्यावरच्या चोपन्न नंबरचं दार ढकललंस की अंधारा बोळ, मग चौक, गोल जिना, परत बोळ, परत चौक, आणि थेट बफ रस्त्यावर सत्तावीस नंबरला बाहेर. क्र्वा-रूसवर रेशमाचे तागे पावसापासून सांभाळत खाली न्यायला याच वाटा. जर्मनांच्या ताब्यात शहर असताना प्रतिकार चळवळीची माणसं याच वाटांनी निसटायची. आता चाळीसेक वाटा लोकांसाठी खुल्या आहेत. रहिवाशांशी करार आहे. त्यांनी दिवसा दार उघडं ठेवायचं, महापालिकेनं दिवे, झाडलोट, डागडुजी बघायची. आपण हळू बोलायचं आणि वर खिडकीत कॅमेरा रोखायचा नाही. मला हा करार फार मोलाचा वाटतो.

भाचा: असा करार भटारखान्याशी कुणी करत नाही, आत्या. माझी तक्रार तीच आहे. घराच्या डागडुजीला पैसे मिळतात. वजडी सहा तास उकडणाऱ्याला गॅसचं बिल मिळतं. पोरं त्या कामाला येईनाशी झाली आहेत. फ्रां-माशों नावाची एक मंडळी आहे, ती चांगल्या बुशोंना प्रमाणपत्र देते, बरं वाटतं. पण हा पदार्थ टिकणार तो कुणीतरी सकाळी नऊला येऊन बसलं तरच. म्हणून मी तुझ्या मागे लागलोय. चवीसाठी नाही.

आत्या: हे आधी सांगायचं होतंस. येईन मी. मला काय मिळेल?

भाचा: सर्व्हेल द कान्यू. मऊ ताजं चीज, त्यात बारीक चिरलेली कांद्याची पात, लसूण, व्हिनेगर, तेल, उकडलेल्या बटाट्याबरोबर. विणकरांचंच खाणं. चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असू शकतं, ते मी आधी विचारून ठेवेन, तुला फसवणार नाही. आणि शेवटी गुलाबी प्रालीनची टार्ट.

आत्या: विचारून ठेव. आणि तू माझ्यासमोर बसून ती वजडी खा. ती ताटात कशी येते ते मला पाहायचंय.

आठ डिसेंबरच्या दिव्यांच्या सणाबद्दल दोघांचं एकमत असल्यानं त्यावर फारसं बोलणं झालं नाही. १८५२ साली फुर्व्हिएरवरच्या मेरीच्या मूर्तीचा सोहळा पुराने लांबला, ठरल्या दिवशी पुन्हा वादळ आलं, आणि ते शमल्यावर लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आता त्याचा चार दिवसांचा मोठा उत्सव झालाय आणि गर्दी अफाट असते. पण काही घरांच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यातल्या त्या मेणबत्त्या अजून लावतात.

यादी झाली तेव्हा मी तिच्यात माझी एक ओळ घातली. शहराच्या पूर्वेला मोंप्लेझिर भागात ल्युमिएर बंधूंचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी सुटीच्या वेळी फाटकातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. लांब झग्यातल्या बायका, सायकलवाले, एक कुत्रा. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया, त्यात हेही चित्र होतं. मुंबईकरांनी पडद्यावर हलताना पाहिलेल्या पहिल्या माणसांत ल्योंच्या कामगार बायका होत्या. त्या कारखान्याची शेड ल्योंनं जपली आहे, आणि समोरच्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. वॉटसनची लोखंडी सांगाड्याची इमारत काळा घोड्याजवळ किती वर्षं टेकूंवर उभी आहे, हे आत्याइतकं कळवळून कुणी सांगू शकणार नाही. त्यावर ती बराच वेळ बोलली.

आत्या: डी मेट्रोनं जाऊ, मोंप्लेझिर-ल्युमिएर स्टेशन आहे. सकाळी आधी ती शेड, तिथून क्र्वा-रूस, मग त्राबूलमधून खाली. जेवण त्यानंतर.

भाचा: जेवण त्याआधी. नऊ वाजता.